गुन्ह्याच्या दिवशी वय किती होते?

महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त बाहेर पडलेल्या माझ्या पिढीतील पुष्कळांचा वाढदिवस १ जून रोजी येतो. परप्रांतातील सहकाऱ्यांना या योगायोगाचे मोठे नवल वाटते. आपल्याला त्याचे कारण ठाऊक असते. जूनमध्ये शाळा उघडत, वडील पोराला गुरुजींपुढे उभे करीत, पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचला की ते सहा वर्षांचे झाले असे समजले जाई, आणि जनरल रजिस्टरात १ जून ही तारीख पडे. उत्तर हिंदुस्थानात हेच काम १ जुलै ही तारीख करते. जनगणनेच्या तक्त्यांतही शून्य आणि पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर माणसांची दाटी झालेली दिसते. लोकसंख्याशास्त्रज्ञ ती व्हिपलच्या निर्देशांकाने मोजतात. आपल्या देशात वय ही वस्तुस्थिती असण्यापूर्वी एक नोंद असते, आणि ती नोंद बहुधा कुणीतरी अंदाजाने केलेली असते.

सरकारी नोकराच्या बाबतीत या अंदाजावर कायद्याने शिक्कामोर्तब केले आहे. मूलभूत नियम ५६ खालील टिपेनुसार केंद्रीय कर्मचाऱ्याला जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायची असेल तर नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. हरनाम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हा नियम कठोरपणे लागू केला, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर येऊन जन्मतारीख बदलू पाहणाऱ्यांना तेव्हापासून न्यायालयांत फारशी दाद मिळालेली नाही. प्रशासनाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. कुणी निवृत्त होणार या हिशेबावर दुसऱ्या कुणाची बढती अवलंबून असते, आणि तो हिशेब कुठेतरी थांबावा लागतो.

परंतु त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका क्षेत्रात वयाचा प्रश्न कधीच बंद होऊ दिलेला नाही. गुन्हा घडला त्या दिवशी आरोपी मूल होता की प्रौढ, हा प्रश्न खटल्यात, अपिलात, शिक्षा कायम झाल्यावर, दयेचा अर्ज निकालात निघाल्यावरही विचारता येतो. हा सिद्धान्त एका दिवसात आलेला नाही. त्याच्या मागे चाळीस-पन्नास वर्षांचा, बऱ्याच वळणांचा अपिली इतिहास आहे, आणि तो आपल्या कायद्याइतकाच आपल्या दप्तरांचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १८५० च्या अप्रेंटिस कायद्याने किरकोळ गुन्हे केलेल्या किंवा निराधार मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची सोय केली. १८६० च्या दंड संहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानले नाही, आणि सात ते बारा या वयात समज कितपत होती ते पाहावे असे सांगितले. ही दोन्ही कलमे २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत क्रमांक बदलून, जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहेत. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे आले. कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील तुरुंग समितीने १९१९-२० मध्ये मुलांसाठी वेगळी न्यायालये हवीत असे म्हटले, आणि त्यानंतर मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये व मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये आपापले बालक अधिनियम केले. मुंबईत १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीच्या रिमांड होमचे नाव मुंबईकर वाचकांनी ऐकले असेलच.

स्वातंत्र्यानंतरही हा विषय प्रांताप्रांताचा राहिला. केंद्रशासित प्रदेशांसाठी १९६० मध्ये कायदा झाला. बाकी देशात कुठे एक वयोमर्यादा, कुठे दुसरी, आणि कुठे कायदा असून बालगृहच नाही अशी स्थिती होती. ही गोंधळाची परिस्थिती न्यायालयापुढे आणण्याचे श्रेय मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांना द्यावे लागते. त्यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांकडून तुरुंगांतील मुलांची माहिती मागवली, मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले, आणि सर्व देशासाठी संसदेनेच एक कायदा करावा असे सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम संमत झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत व मुलगी अठरापर्यंत बालक ठरली. बालहक्क संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिल्यावर २००० च्या अधिनियमाने ही मर्यादा दोघांसाठी अठरा केली. तो १ एप्रिल २००१ पासून लागू झाला.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. वय मोजायचे ते कोणत्या दिवशीचे? सामान्य माणूस म्हणेल, गुन्ह्याच्या दिवशीचे. १९८२ मध्ये उमेश चंद्र विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच सांगितले होते. परंतु मे २००० मध्ये अर्नित दास विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने उलट निर्णय दिला. १९८६ च्या अधिनियमातील शब्दरचना 'सक्षम प्राधिकाऱ्यापुढे आणल्यावर' अशी असल्यामुळे, आरोपीला प्रथम हजर केले त्या दिवशीचे वय निर्णायक, असे त्यांनी ठरवले. शब्दांच्या दृष्टीने हा अर्थ निघू शकत होता, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याचा व्यवहारातील परिणाम पाहा. साडेपंधरा वर्षांच्या मुलाला आठ महिन्यांनी अटक झाली की तो प्रौढ! मूल कोण हे कायद्याने नव्हे, तर ठाणे अंमलदाराच्या सवडीने ठरू लागणार होते. ज्याच्या हातात विलंब आहे त्याच्याच लाभाचा नियम केला तर विलंब वाढतो, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हा पेच सोडवण्यासाठी पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ बसवावे लागले. २ फेब्रुवारी २००५ रोजी प्रताप सिंग विरुद्ध झारखंड राज्य या प्रकरणात त्याने अर्नित दासचा निर्णय फिरवून उमेश चंद्रचा सिद्धान्त पुन्हा प्रस्थापित केला : गुन्ह्याच्या दिवशीचे वय. मात्र या निकालाने एक गट बाहेर राहिला. जुन्या कायद्याखाली सोळा ते अठरा वयाचे जे मुलगे प्रौढ ठरून खटल्यात अडकले होते, त्यांना नव्या कायद्याचा लाभ १ एप्रिल २००१ रोजी अठरा पूर्ण झाली नसतील तरच मिळेल, असे पीठाने म्हटले. संसदेने २००६ मध्ये दुरुस्ती करून ही अट काढून टाकली, आणि अल्पवयाचा दावा कोणत्याही न्यायालयापुढे, कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येईल असे कलम ७-अ घातले. २००९ च्या हरि राम प्रकरणात न्यायालयाने या दुरुस्तीचा अर्थ पूर्णपणे स्वीकारला. २०१५ च्या नव्या अधिनियमात हीच तरतूद कलम ९ मध्ये आहे.

तारखेचा प्रश्न असा सुटला. कागदाचा प्रश्न अजून सुटतोच आहे.

२००७ च्या नियमांतील नियम १२ ने पुराव्यांची उतरंड लावून दिली. आधी मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर प्रथम प्रवेश घेतलेल्या शाळेतील जन्मतारखेचा दाखला, तोही नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय मत. २०१५ च्या अधिनियमात कलम ९४ ने हीच उतरंड थोड्या फरकाने ठेवली असून हाडांची चाचणी शेवटी आहे. तिचे कारण १९८२ च्या जयमाला प्रकरणातच दिसते. क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो याची नोंद तेथे न्यायालयाने घेतली होती. सोळा आणि अठरा यांतील सगळे अंतरच दोन वर्षांचे. तेव्हा हाडांपेक्षा हेडमास्तरांवर विश्वास ठेवणे भाग पडते.

शाळेचा कागद वरचा आणि जन्मनोंदणीचा त्याखाली, हा क्रम परदेशी वाचकाला चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे तो वास्तवाला धरून आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्येसुद्धा पाच वर्षांखालील केवळ ४१ टक्के मुलांचा जन्म नोंदलेला होता. त्यांतील सर्वांत लहान मुलांनी अठरा ओलांडून आता दोन-तीन वर्षेच झाली आहेत. त्याच्या आधीच्या पिढ्यांचे काय सांगावे!

शाळेच्या कागदावर किती विसंबायचे, यावर २०१२ या एका वर्षात तीन महत्त्वाचे निकाल आले. एप्रिलमधील ओम प्रकाश विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात संशयास्पद दाखल्याआड गंभीर गुन्ह्यातील आरोपीला लपू देता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. सप्टेंबरमध्ये अश्वनी कुमार सक्सेना प्रकरणात दुसऱ्या टोकाची चूक सुधारली : दाखला बनावट असल्याचे दिसत नसेल तर खालच्या न्यायालयांनी आईवडिलांच्या लग्नापासून भावंडांच्या वयांपर्यंत उकरत बसू नये. ऑक्टोबरमध्ये अबुझर हुसेन प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी दोन्हींचा मेळ घातला. दावा कधीही करता येईल, परंतु प्रथमदर्शनी काहीतरी पुरावा आरोपीने ठेवला पाहिजे, आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे होणार नाही.

हे सारे नियम ज्यांच्यासाठी होते त्यांपैकी दोन प्रकरणांपाशी मला थांबायचे आहे. नावे लिहीत नाही. ती निकालपत्रांत आहेत. परंतु कायद्याने बालक ठरलेल्या व्यक्तीची ओळख उघड करू नये असे कलम ७४ सांगते, आणि त्याचा मान राखणे बरे.

पहिले पुण्याचे आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये तेथे एका घरात पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली. पुणेकरांना ती घटना सांगावी लागत नाही. आरोपींपैकी एकाला फाशीची शिक्षा झाली, आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटल्याच्या कागदांत तो विशीतला तरुण होता. बिकानेर जिल्ह्यातील ज्या शाळेत तो शिकला तिच्या दप्तरात त्याची जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२ होती, आणि नावही किंचित वेगळे होते. त्या नोंदीप्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा ठरत होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करण्यास सांगितले, त्यांनी नोंद खरी असल्याचा अहवाल दिला, आणि २७ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींनी त्याची सुटका केली. बारा वर्षांचे पोर असे क्रूर कृत्य करू शकेल काय, ही शंका न्यायमूर्तींच्याही मनात आली होती. परंतु अशा तर्कावर दस्तऐवज नाकारता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते, तीही तुरुंगात नव्हे.

या निकालाने अस्वस्थ झालेले अनेक मराठी स्नेही मला भेटले. त्या सात जीवांचे काय, हा त्यांचा प्रश्न मला मुळीच अप्रस्तुत वाटत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. येथे २००० च्या कायद्याची उदार अठरा वर्षेही लागली नाहीत. गुन्हा घडला तेव्हा अमलात असलेल्या १९८६ च्या अधिनियमाप्रमाणेच सोळाखालील मुलाला फाशीही देता येत नव्हती आणि तुरुंगातही टाकता येत नव्हते. कायदा होता; बिकानेरला एक पत्र गेले नाही.

दुसरे डेहराडूनचे. गुन्हा त्याच वर्षीचा, १९९४ मधला, हत्येचाच. २००१ मध्ये फाशी झाली. शिक्षेच्या सुनावणीच्या वेळी आरोपीने आपण तेव्हा अल्पवयीन होतो असे सांगितले होते. न्यायालयाने ते मानले नाही, आणि त्यासाठी दिलेले एक कारण असे की, त्याच्या नावावर बँकेत खाते होते. अज्ञान मुलाच्या नावाने पालकामार्फत खाते उघडता येते, हे बँकेच्या कोणत्याही कारकुनाने सांगितले असते. अपील, पुनर्विलोकन, क्युरेटिव्ह याचिका अशा सर्व पायऱ्या झाल्या. शाळेचा दाखला मध्यंतरी हाती आला होता, तरी उपयोग झाला नाही. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी फाशीऐवजी जन्मठेप दिली; मात्र वयाची साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत सुटका नाही, या अटीवर. त्यानंतर उच्च न्यायालयाने राष्ट्रपतींच्या आदेशात हस्तक्षेप करण्याला मर्यादा असल्याचे सांगितले. अखेर ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाखला ग्राह्य धरून, गुन्ह्याच्या वेळी तो चौदा वर्षांचा होता असे मानले आणि त्याला सोडले. आपण राष्ट्रपतींच्या आदेशाचे परीक्षण करीत नसून कायद्याने दिलेला लाभ देत आहोत, हा भेद न्यायालयाने केला, आणि अन्याय न्यायालयांच्याच हातून घडत गेला हे स्पष्ट शब्दांत मान्य केले. सुमारे पंचवीस वर्षे तोवर गेली होती. त्याच्या पुनर्वसनासाठी राज्याच्या विधी सेवा प्राधिकरणाने पुढाकार घ्यावा, असेही सांगितले.

या दोन्ही खटल्यांच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, गोपीनाथ घोष प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना सूचना दिली होती की, समोरचा आरोपी एकवीस किंवा त्याहून कमी वयाचा दिसत असेल तर खटला सुरू करण्यापूर्वी वयाची चौकशी करावी. निकाल विधिवृत्तांत छापला गेला, उद्धृत होत राहिला. परंतु अटकेच्या पंचनाम्यातील 'वय अंदाजे' हा रकाना पोलीस हवालदार नजरेने भरतो, आरोपपत्रात तोच आकडा येतो, जबाबात तोच येतो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तो अधिकाधिक खरा होत जातो. आमच्या फायलींतही असेच होते. पहिल्या टिपणीतील आकडा सातव्या टिपणीपर्यंत कुणी तपासत नाही.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेने वातावरण पालटले. आरोपींपैकी एक अठराला काही महिने कमी होता, आणि तेही शाळेच्या नोंदीवरून ठरले. वयोमर्यादा खाली आणावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सलिल बाली प्रकरणात व २०१४ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर फेटाळली. संसदेने मात्र २०१५ मध्ये नवा अधिनियम केला : सोळा ते अठरा वयाच्या मुलाने 'अघोर' गुन्हा केला असेल तर बाल न्याय मंडळ त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन करील आणि त्याला प्रौढासारखे चालवायचे की नाही ते ठरवील. जन्मतारखेच्या एका अनिश्चित आकड्यावर आता दोन उंबरठे बसले, सोळाचा आणि अठराचा. गेल्या काही वर्षांतील अपिली निकाल मुख्यतः या मूल्यमापनाभोवती फिरतात. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात, ज्या गुन्ह्याला किमान शिक्षाच ठरलेली नाही तो अघोर गणता येणार नाही, असे ठरले, आणि संसदेने २०२१ च्या दुरुस्तीने ते मान्य केले. जुलै २०२२ मध्ये, मंडळावर बालमानसशास्त्र शिकलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे ऐच्छिक नसून बंधनकारक आहे, असा निर्णय झाला. मे २०२४ मध्ये कर्नाटकातील प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, मूल्यमापनासाठी कायद्याने दिलेली तीन महिन्यांची मुदत मार्गदर्शक आहे, ती उलटली म्हणून मंडळाचा अधिकार संपत नाही. प्रशासक म्हणून या शेवटच्या निकालाची गरज मला समजते. जिल्ह्यात मानसशास्त्रज्ञच नसतात. तरीही चार वर्षांनी, वीस वर्षांच्या तरुणाकडे पाहून सोळाव्या वर्षी त्याला कितपत समज होती ते कसे सांगणार, याचे उत्तर मला त्यात सापडले नाही.

उतरंड दोन्ही बाजूंना कापते हेही सांगितले पाहिजे. पीडित मुलीचे वय ठरवतानाही कलम ९४ च लावतात. जुलै २०२३ मध्ये युवप्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शाळा बदलल्याचा दाखला हा त्या कलमातील जन्मतारखेचा दाखला नव्हे. वैद्यकीय मत अठराच्या पुढचे होते, आणि पोक्सोखालील शिक्षा टिकली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका मोटार अपघाताच्या भरपाईत आधार पत्र हा जन्मतारखेचा पुरावा मानण्यास नकार देऊन न्यायालयाने शाळेच्या दाखल्यालाच पसंती दिली. एवढे संगणक आले, तरी गुरुजींचे रजिस्टर अजून गादीवरच आहे.

जन्मनोंदणी आता बरीच वाढली आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात तिचे प्रमाण ८९ टक्के होते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहील. त्यांतील पहिली मुले सोळा वर्षांची होतील ती ऑक्टोबर २०३९ मध्ये. तोपर्यंत मंडळापुढे जी मुले उभी राहतील त्यांची रजिस्टरे गावोगावच्या शाळांतील लोखंडी कपाटांत आहेत, आणि मूल परप्रांतात पकडले गेले असेल तर ती कपाटे उघडण्यासाठी आजही तपास अधिकाऱ्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पत्र पाठवावे लागते.